सोबतीचा पुरावा

परदेशात नोकरी लागली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पगार किती?’ दुसरा येतो, ‘निघायचं कधी?’ हल्ली काही घरांत तिसरा प्रश्नही असतो. तो जरा हळू आवाजात विचारला जातो : ‘आणि तिचं काय?’ किंवा ‘त्याचं काय?’ म्हणजे लग्न झालेलं नाही, पण दोघं दोन-तीन वर्षं एकत्र राहताहेत, पुढेही राहणार आहेत. अशा जोडीदाराला सोबत नेता येतं का? येत असेल तर कोणत्या व्हिसावर? आज या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

लग्नावाचून एकत्र राहावं की राहू नये, हा आजचा विषय नाही. त्यावर आपल्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी तसं राहायचं ठरवलं आहे त्यांना, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांना, नेमकी माहिती हवी असते. ती नसली की चालू नोकरी सोडली जाते, भाड्याचं घर रिकामं केलं जातं, सामान विकलं जातं, आणि मग वकिलातीच्या खिडकीवर कळतं की आपल्या नात्याला त्या देशाच्या अर्जात जागाच नाही.

आपल्या भाषेत या नात्याला शब्दांची वाण नाही. जोडीदार आहे, सोबती आहे, सहचर आहे. उर्दूतला हमसफरही मराठी माणसाला परका वाटत नाही. पण व्हिसाच्या अर्जात ‘वैवाहिक स्थिती’ असा रूक्ष मथळा असतो आणि त्याखाली ठरावीक चौकटी असतात : विवाहित, अविवाहित, घटस्फोटित, विधवा किंवा विधुर. काही देशांनी त्यात आणखी एक चौकट वाढवली आहे, ‘लग्न न झालेला जोडीदार’. ही चौकट कोणत्या देशाकडे आहे, आणि तिच्यात खूण करायला काय लागतं, एवढंच आपल्याला समजून घ्यायचं आहे.

सोयीसाठी देशांचे तीन गट करू. पहिल्या गटातले देश फक्त लग्न ओळखतात. दुसऱ्या गटातले देश एकत्र काढलेला काळ मोजतात. तिसऱ्या गटातले देश तुमच्या लेखी शब्दावर आरंभी विश्वास ठेवतात आणि पुढे तुम्ही त्याप्रमाणे राहता की नाही ते पाहतात.

पहिल्या गटात सगळ्यांत मोठं नाव अमेरिकेचं. तिथे एच-वन-बी व्हिसावर नोकरीला जाणाऱ्याच्या पतीला किंवा पत्नीला एच-फोर मिळतो. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर एल-वन घेऊन गेलेल्याच्या जोडीदाराला एल-टू. हे दोन्ही व्हिसा फक्त कायदेशीर विवाहितांसाठी आहेत. तुम्ही दहा वर्षं एका छपराखाली राहिला असलात तरी लग्नाचा दाखला नसेल तर हे दार बंद. ‘वाग्दत्त वधू-वरांसाठी अमेरिकेचा एक व्हिसा असतो ना?’ असं कुणी विचारील. असतो. त्याला के-वन म्हणतात. पण तो अमेरिकेच्या नागरिकाच्या वाग्दत्तासाठी आहे आणि तिथे उतरल्यावर ९० दिवसांच्या आत लग्न करावं लागतं. आपला मुलगा किंवा मुलगी तिथे नोकरीच्या व्हिसावर आहे, नागरिक नाही. त्यामुळे हा मार्ग त्यांच्या कामाचा नाही.

तरीही एक लहानशी फट आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेत असं म्हटलं आहे, की दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीसोबत राहणाऱ्या अविवाहित जोडीदाराचा बी-टू, म्हणजे पाहुण्याच्या व्हिसासाठी, विचार होऊ शकतो. मुलाखतीत हेतू सरळ सांगावा लागतो आणि आपण परत येणार आहोत हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. प्रवेश बहुधा सहा महिन्यांचा मिळतो, मुदतवाढ मागता येते. देणं न देणं त्यांच्या मर्जीवर. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पूर्णवेळ शिक्षणही घेता येत नाही. थोडक्यात, या दाराने पाहुणा म्हणून जाता येतं. संसार मांडायला हे दार अपुरं आहे.

आखाती देशांचा उल्लेख करायलाच हवा, कारण आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांच्या चुली दुबई-कुवेतच्या पगारावर पेटल्या आहेत. संयुक्त अरब अमिरातीने २०२० च्या नोव्हेंबरात कायदे बदलले आणि लग्नावाचून एकत्र राहणं हा तिथे आपोआप गुन्हा राहिला नाही. ही बातमी वाचून ‘आता जोडीदाराला नेता येईल’ असा अर्थ कुणी काढला असेल, तर तो बरोबर नाही. राहू देणं वेगळं आणि व्हिसा देणं वेगळं. कुटुंबाच्या व्हिसासाठी तिथे रीतसर साक्षांकित केलेला विवाहाचा दाखलाच लागतो. शिवाय पगाराची अट असते. ती पुरी होत नाही म्हणून लग्नाची बायकोही वर्षानुवर्षं गावीच राहते, हे कोकणाला कुणी नव्याने सांगायला नको.

जर्मनीही या गटात मोडते. नोकरीवर जाणाऱ्याच्या विवाहित जोडीदाराला तिथे चांगले हक्क आहेत, पण नुसतं एकत्र राहण्याच्या आधारावर कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. मात्र जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’, म्हणजे संधीपत्र, सुरू केलं आहे. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांना गुण देऊन, नोकरी शोधण्यासाठी वर्षभर राहण्याची ती परवानगी असते. खर्चासाठी पुरेसे पैसे दाखवावे लागतात आणि जर्मन भाषेची ए-वन किंवा इंग्रजीची बी-टू पातळी लागते. इथे जोडीदार कुणाच्या नात्याने जात नाही, स्वतःच्या शिक्षणाच्या बळावर जातो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

आता दुसरा गट : काळ मोजणारे देश.

ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर जाणाऱ्याला अविवाहित जोडीदार सोबत नेता येतो. नातं निदान दोन वर्षांचं, विवाहासारखं असावं लागतं. पूर्वी ही दोन वर्षं एकत्र राहण्याचीच हवी असत. जानेवारी २०२४ मध्ये नियम बदलला. नोकरी, शिक्षण किंवा सांस्कृतिक कारणांमुळे एकत्र राहता आलं नसेल, तरी दोन वर्षांचं नातं इतर पुराव्यांनी सिद्ध करता येतं : नियमित संपर्क, एकमेकांना केलेली आर्थिक मदत, एकत्र केलेले प्रवास. ‘सांस्कृतिक कारणं’ हे शब्द आपल्या समाजासाठी किती मोलाचे आहेत, ते वेगळं सांगायला नको. अशा जोडीदाराला तिथे जवळपास कोणतीही नोकरी करता येते. मात्र सगळ्यांना ही मुभा नाही. जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना, म्हणजे संशोधनाची पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्ती वगळता, जोडीदार नेता येत नाही. लग्नाचा असो वा बिनलग्नाचा. ११ मार्च २०२४ पासून वृद्ध-रुग्णांच्या देखभालीच्या कामावर नव्याने जाणाऱ्यांनाही नेता येईनासं झालं. २२ जुलै २०२५ पासून पदवीच्या खालच्या पातळीच्या कामांवर नव्याने जाणाऱ्यांनाही तसंच बंधन आलं. म्हणून आधी स्वतःचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहायचं, मग जोडीदाराचं.

कॅनडात ‘कॉमन-लॉ पार्टनर’ ही जुनी आणि स्पष्ट संकल्पना आहे. निदान सलग एक वर्ष दोघं पती-पत्नीसारखे एकत्र राहिलेले असावे लागतात. हे वर्ष भारतात काढलेलं चालतं. मधे कुणी कामानिमित्त थोडे दिवस गावाला गेलं तर बिघडत नाही. मात्र कामाचा खुला परवाना जोडीदाराला सरसकट मिळेल, या भ्रमात राहू नये. २१ जानेवारी २०२५ पासून तो वरच्या श्रेणीच्या ठरावीक व्यवसायांतल्या कामगारांच्या जोडीदारांपुरता आणि सोळा महिने किंवा अधिक मुदतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, डॉक्टरेट अशा काही शिक्षणक्रमांतल्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांपुरता मर्यादित केला आहे. कामगाराच्या स्वतःच्या परवान्याचेही निदान सोळा महिने शिल्लक लागतात.

कॅनडाबाबत आणखी एक सावधगिरी. कायम वास्तव्याचा अर्ज करताना, ‘उगाच गुंतागुंत नको’ म्हणून काही जण जोडीदाराचं नाव लिहीतच नाहीत आणि स्वतःला एकटं दाखवतात. तिथला मूळ नियम असा आहे, की अर्जाच्या वेळी जे कुटुंबीय जाहीर केले नाहीत आणि ज्यांची तपासणी झाली नाही, त्यांना नंतर कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही. एका रिकाम्या सोडलेल्या रकान्यामुळे दोन माणसं दोन खंडांत अडकू शकतात. आत्ता सोबत येणार नसला तरी जोडीदार आहे, हे लिहायलाच हवं.

ऑस्ट्रेलियात या नात्याला ‘डी फॅक्टो’ म्हणतात. कायम वास्तव्याच्या आणि जोडीदाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे बारा महिन्यांचं नातं लागतं. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड अशा राज्यांत नात्याची सरकारी नोंदणी करता येते आणि ती केल्यास बारा महिन्यांची अट सुटते. नातं खरं आहे का, हे अधिकारी चार अंगांनी पाहतात : पैशाचे व्यवहार, घर चालवण्याची रीत, लोकांत असलेली ओळख आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. मला ही चौकट फार व्यवहारी वाटते. कोणत्याही संसाराची परीक्षा घ्यायची तर याहून वेगळं काय विचारणार? लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांनाही हा पेपर अवघड जाईल.

स्वीडनमध्ये तर या नात्यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, ‘साम्बो’. ‘साम’ म्हणजे सोबत, ‘बो’ म्हणजे राहणं. त्यातला ‘साम’ आणि आपला ‘सम्’ हे दूरचे भाऊबंद. साम्बोंच्या घराबद्दल आणि घरातल्या वस्तूंबद्दल तिथे २००३ चा स्वतंत्र कायदा आहे. कामाच्या परवान्यावर जाणाऱ्याच्या साम्बोला कुटुंबीय मानलं जातं. अर्थात, सोबत राहत असल्याचे कागद जोडावेच लागतात.

तिसऱ्या गटाचं ठळक उदाहरण नेदरलँड्स. तिथे कुशल कामगार म्हणून जाणाऱ्याचा अविवाहित जोडीदार आधी किती वर्षं एकत्र राहिला, याची अट नाही. नातं टिकाऊ आणि एकनिष्ठ असल्याचं दोघांना लिहून द्यावं लागतं. दोघंही अविवाहित आहेत असा अधिकृत दाखला लागतो. तिथे गेल्यावर एकाच पत्त्यावर राहून नगरपालिकेत त्याच पत्त्याची नोंद करावी लागते. अशा जोडीदाराला नोकरीची मोकळीक असते. पण नातं संपलं तर तिथल्या इमिग्रेशन खात्याला चार आठवड्यांत कळवण्याची जबाबदारीही असते. विश्वास आधी टाकला जातो, हिशेब नंतर घेतला जातो.

हा अविवाहित असल्याचा दाखला आपल्याकडे कसा मिळवायचा? सहसा प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्यावर राज्याच्या गृह खात्याचं प्रमाणीकरण आणि मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का लागतो. भारत २००५ पासून या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे नेदरलँड्ससारख्या करारातल्या देशासाठी हा शिक्का पुरेसा ठरतो. काम अवघड नाही, पण वेळ खाणारं आहे. तिकीट काढल्यावर धावपळ करण्यापेक्षा नेमणुकीचं पत्र हाती आल्याबरोबर ते सुरू करावं.

सिंगापूरचा मार्ग थोडा निराळा. दरमहा निदान ६,००० सिंगापुरी डॉलर पगार असलेल्या परदेशी नोकरदाराला ‘कॉमन-लॉ’ जोडीदारासाठी दीर्घ मुदतीचा भेट-पास मागता येतो. त्यावर राहता येतं; नोकरी करायची तर कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो.

इथपर्यंत सगळं नियमांचं झालं. आता मुख्य अडचणीकडे येऊ. ती लंडनमध्ये किंवा टोरांटोत नाही, आपल्या पुण्या-मुंबईतच आहे.

समजा, हिंजवडीत काम करणारी एक मुलगी आहे. वाकडला फ्लॅटमध्ये ती आणि तिचा जोडीदार तीन वर्षं राहताहेत. तिला टोरांटोत नोकरी मिळाली. कॅनडा एक वर्ष मागतो, यांच्याकडे तीन आहेत. म्हणजे प्रश्नच मिटला, असं वाटेल. पण कागद काढायला बसल्यावर काय सापडतं? भाडेकरार एकट्या तिच्या नावावर, कारण सोसायटीला ‘फॅमिली’ किंवा फक्त मुली हव्या होत्या. शेजाऱ्यांना सांगितलेलं, ‘मावसभाऊ आहे.’ त्याच्या आधारकार्डावर अजून साताऱ्याचा पत्ता. त्याच्या आईला माहीत आहे की तो कर्वेनगरला मित्रांसोबत राहतो. एकत्र फोटो नाहीत. असले तरी कुणाला दिसू नयेत म्हणून पुसलेले. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर हाच खुर्चीवर बसून होता, पण संमतिपत्रावर नात्याच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘मित्र’.

इथे शांतपणे राहता यावं म्हणून तीन वर्षं जे लपवलं, नेमकं तेच आता परक्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे सिद्ध करायचं आहे. आपल्याकडच्या अविवाहित जोडप्यांची खरी कोंडी ही आहे. त्या देशांचे नियम अशा समाजांत घडले जिथे दोन नावांची पाटी दारावर लावायला कुणी अडवत नाही. आपल्याकडे कायदा तसा आडवा येत नाही. दोन सज्ञान माणसांनी लग्नावाचून एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खुशबू प्रकरणात स्पष्ट केलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने ‘विवाहसदृश नात्या’तल्या स्त्रीला संरक्षण दिलं आहे. पण त्या नात्याचा दाखला देणारं कार्यालय महाराष्ट्रात नाही. उत्तराखंडाने २७ जानेवारी २०२५ पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची केली आणि न करणाऱ्याला शिक्षा ठेवली. सक्ती आणि सोय यांत फरक असतो. दाखला हवा त्याने मागावा, ही सोय. न मागणाऱ्याला पकडावं, ही सक्ती.

मग करायचं काय? परदेशी जाण्याचा विचार मनात आला त्याच दिवसापासून कागद जमवायला लागायचं. पुढचा भाडेकरार दोघांच्या नावे करायचा आणि तो नोंदवायचा. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्याने आवश्यकच आहे. बँकेत संयुक्त खातं उघडून घरखर्च त्यातूनच करायचा, कारण उघडून पडून राहिलेल्या खात्याने काही सिद्ध होत नाही. वीजबिल एकाच्या नावे, इंटरनेट दुसऱ्याच्या नावे, पत्ता एकच. विम्यात आणि भविष्यनिर्वाह निधीत नॉमिनी म्हणून नाव देता येतं का, ते नियम पाहून विचारायचं. फोनमधले यूपीआय व्यवहारही बोलतात : दर महिन्याच्या पाच तारखेला त्याने तिला पाठवलेलं निम्मं भाडं, किराण्याचे पैसे, गॅसचे पैसे. रेल्वेची एकत्र काढलेली तिकिटं, हॉटेलच्या पावत्या, एकाच पत्त्यावर आलेली दोघांची पार्सलं, हे सगळं तारखेनुसार लावून ठेवायचं. निघण्याच्या आठवड्यात स्टॅम्प पेपरवर केलेल्या ‘लिव्ह-इन करारा’पेक्षा दोन वर्षांची ही किरकोळ चिठ्ठ्याचपाटी जास्त वजनदार ठरते.

आणखी एक कागद आहे, तो कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. काळ मोजणारे देश नातेवाइकांची आणि मित्रांची निवेदनंही पाहतात. ‘या दोघांना आम्ही जोडपं म्हणून ओळखतो, ते आमच्या घरी सोबत येतात-जातात’ असं आईने किंवा वडिलांनी सही करून लिहिलेलं पत्र. कितीतरी मुलामुलींना हे पत्र मागण्याचा धीर होत नाही. आईवडिलांना मी एवढंच सांगेन : हे पत्र लिहिलं म्हणजे तुम्ही त्या नात्याला आशीर्वाद दिला असं होत नाही. जे आहे ते आहे, एवढीच साक्ष तुम्ही देता. खरी साक्ष देणं कोणत्याही धर्मात वाईट मानलेलं नाही.

आता साहजिकच कुणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? लग्न करून टाका!’ हाही पर्याय आहे, आणि अमेरिका, जर्मनी, आखात यांच्यासाठी तोच सरळ आहे. त्याचंही वेळापत्रक मात्र माहीत हवं. दोघांचे धर्म वेगळे असतील किंवा धार्मिक विधी नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. मग नोटीस द्यायची, ती लावली जाते, ३० दिवस हरकतींची वाट पाहायची, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ‘पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय, शनिवारी नोंदणी करू’ हे इथे जमत नाही. शिवाय भिंतीवर लागलेली ती नोटीस आंतरधर्मीय जोडप्यांना कधीकधी किती महागात पडते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

आमच्याकडे निकाह हा मुळातच करार असतो. दोघांची कबुली, मेहर, साक्षीदार आणि लिहिलेला निकाहनामा. पण उर्दूतला निकाहनामा तसाच वकिलातीत चालेल असं धरून चालू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहाची सरकारी नोंदणी होते. तो दाखला घ्यावा. विधी कुठल्याही धर्माचा असो, लग्नाच्या मांडवाचे फोटो हे नोंदणीच्या दाखल्याला पर्याय नाहीत.

केवळ व्हिसासाठी घाईने लग्न करण्याबद्दल एक शब्द. ज्यांचं ठरलंच होतं त्यांनी तारीख अलीकडे आणली तर त्यात गैर काही नाही. पण मनाची तयारी नसताना कागदासाठी केलेलं लग्न मोडायलाही कोर्टाचाच कागद लागतो, आणि त्याला व्हिसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

काहींना तर लग्नाचा पर्यायच नाही. समलिंगी जोडप्यांचं नातं २०१८ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे गुन्हा नाही, पण त्यांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्यांच्यासाठी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स यांनी ठेवलेली अविवाहित जोडीदाराची चौकट हाच बहुधा खरा आधार. असा विवाह जिथे कायदेशीर आहे त्या देशात रीतसर विवाह केला, तर अमेरिकाही २०१३ पासून व्हिसासाठी त्यांना पती किंवा पत्नी मानते.

खोटं लिहिण्याचा मोह या सगळ्या प्रवासात कुठेतरी गाठतोच. कुठे एजंट सांगतो, ‘मॅरेज सर्टिफिकेट करून देतो.’ कुठे वाटतं, पासपोर्टात जोडीदाराचं नाव पती म्हणून घालून टाकू. पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. कॅनडात खोटी माहिती उघडकीस आली तर पाच वर्षं दार बंद होतं, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत कायमचं होऊ शकतं. आज एका देशाच्या अर्जात लिहिलेलं ‘अविवाहित’ आणि उद्या दुसऱ्या देशाच्या अर्जात लिहिलेलं ‘चार वर्षं विवाहित’ हे एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं जाऊ शकतं.

आता जर्मनीच्या वेळी बाजूला ठेवलेला मुद्दा. जोडीदार म्हणून मिळालेला व्हिसा दुसऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली की आपला मुक्काम हलतो. नातं तुटलं तर आपला तिथे राहण्याचा आधारच जातो. लग्न झालेल्यांनाही हे लागू आहे, पण त्यांना निदान पोटगीचा, मालमत्तेचा कायदा थोडाफार ठाऊक असतो. अविवाहित जोडीदाराच्या हाती, विशेषतः आपली नोकरी सोडून मागोमाग गेलेल्याच्या हाती, पुष्कळदा काहीच नसतं. म्हणून जमेल त्याने स्वतःच्या नावाचा व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न आधी करावा : स्वतःची नोकरी, स्वतःचं शिक्षण, जर्मनीचं ते संधीपत्र. ब्रिटनमध्ये १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी दोन वर्षांची योजना २०२३ पासून आहे, तिची सोडत निघते. ऑस्ट्रेलियानेही २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी वर्षाला एक हजार जागांची काम-आणि-सुट्टीची योजना सोडतीवर सुरू केली. दोघं आपापल्या व्हिसावर एकाच घरात राहिले, तर नात्याचा पुरावा कुणी मागत नाही आणि रुसवा झाला तर कुणी कुणाच्या दयेवर राहत नाही.

नोकरीचं पत्र सही करण्याआधी कंपनीला हे प्रश्न विचारावेत : जोडीदाराच्या व्हिसाचा खर्च तुम्ही देता का, की फक्त विवाहितांनाच? आरोग्यविम्यात त्याचं नाव घालता येईल का? घराच्या भत्त्यात दोघं धरले आहेत का? ब्रिटनमध्ये तर आरोग्यसेवेचा अधिभारच फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पौंड असा ठरवला गेला. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर सगळा आगाऊ भरायचा. ही रक्कम कोण देणार, हे विमानात बसल्यावर विचारण्यासारखं नाही.

नियम बदलत असतात. वर सांगितलेल्या तारखाच पाहा, बहुतेक गेल्या दोन-तीन वर्षांतल्या आहेत. त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर स्वतः वाचावा. एजंटाचं ऐकावं, पण सही करण्याआधी अर्जाची प्रत मागून घेऊन एकेक रकाना तपासावा. सही आपली असते, त्याची नसते.

आणि निघण्याआधी एक संध्याकाळ दोघांनी समोरासमोर बसून काढावी. तिथे आपल्यातल्या एकाला वर्षभर नोकरी मिळाली नाही तर घरखर्चाचं काय करायचं? आपलं पटलं नाही तर परतीच्या तिकिटाचे पैसे कुणाच्या खात्यात वेगळे ठेवायचे? घरी कुणाला काय सांगितलं आहे, आणि काय सांगायचं राहिलं आहे? या प्रश्नांची उत्तरं कोणताही व्हिसा अधिकारी मागत नाही. पण ती लिहून ठेवावीत, आणि त्या कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक त्याच्याजवळ, एक तिच्याजवळ.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)